दाण्याचं कूट हवं, धुरी नको

तेल अवीवमध्ये बालरोगतज्ज्ञांपुढे भाषण करताना लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक यांनी श्रोत्यांना विचारलं, ‘‘गेल्या वर्षभरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल किती जणांनी पाहिलं?’’ लंडनमध्ये हा प्रश्न विचारला तर जवळपास सगळे हात वर जातात. तेल अवीवमध्ये दोन-तीनच गेले. लॅक चक्रावले, आणि कारण शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. इस्रायलमध्ये ‘बाम्बा’ नावाचे दाण्याच्या चवीचे मक्याचे कुरकुरे मिळतात. ते तोंडात विरघळतात, त्यामुळे दात नसलेली बाळंही ते चघळतात. त्या काळात ब्रिटनमध्ये मात्र लहान मुलांना दाणे देऊ नका असं डॉक्टरच सांगत होते.

पुढे लॅक आणि सहकाऱ्यांनी दोन्ही देशांतल्या ज्यू शाळकरी मुलांची तुलना केली. वंश एकच, देश वेगळे. 2008 मध्ये निष्कर्ष आले. ब्रिटनमधल्या मुलांत दाण्याच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण 1.85 टक्के, इस्रायलमध्ये 0.17 टक्के. नऊ महिन्यांपर्यंत दाणे चाखलेली बाळं इस्रायलमध्ये 69 टक्के होती, ब्रिटनमध्ये 10 टक्के.

एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून मग लंडनमध्ये खरा प्रयोग झाला. चार ते अकरा महिन्यांची 640 बाळं निवडली. सगळी जोखमीची, म्हणजे अंगावर तीव्र इसब असलेली किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत दाणे वर्ज्य, तर निम्म्यांना आठवड्यातून किमान तीनदा दाण्याचा पदार्थ. 2015 मध्ये निकाल जाहीर झाला. सुरुवातीच्या त्वचा-चाचणीत ज्यांच्यावर दाण्याची प्रतिक्रिया आली नव्हती, त्यांच्यापैकी न खाणाऱ्या गटातल्या 13.7 टक्के मुलांना पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जी होती. खाणाऱ्या गटात फक्त 1.9 टक्के. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे न देण्याचा सल्ला दिला होता, आणि पुरावा नाही म्हणून 2008 मध्ये तो मागे घेतला होता. 2017 पर्यंत अमेरिकेतला सल्ला पूर्ण उलटा झाला. त्यानंतर तिथल्या तीन वर्षांखालच्या मुलांत दाण्याच्या अ‍ॅलर्जीचं निदान 40 टक्क्यांहून अधिक घटल्याचं 2025 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते.

म्हणजे एका पिढीला काळजीपोटी जे टाळायला लावलं, त्या टाळण्यानेच बहुधा अ‍ॅलर्जी वाढवली.

असं का व्हावं? याचं उत्तर बाळाच्या त्वचेत आहे. खाल्लेल्या अन्नाशी आतड्यातली प्रतिकारयंत्रणा बहुतेक वेळा जुळवून घेते; रोजचं अन्न शत्रू नाही, हे ती शिकते. तेच अन्नाचे कण फुटलेल्या, कोरड्या, इसब झालेल्या त्वचेतून आत गेले तर शरीर त्यांना घुसखोर समजतं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या सुमारे चौदा हजार मुलांच्या पाहणीत 2003 मध्ये असं आढळलं, की दाण्याची अ‍ॅलर्जी झालेल्या मुलांच्या अंगाला तान्हेपणी दाण्याचं तेल असलेली मलमं जास्त लावली गेली होती. गरोदरपणी आईने दाणे खाल्ल्याचा मात्र अ‍ॅलर्जीशी संबंध दिसला नाही. तीन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला. त्वचेची भिंत घट्ट ठेवणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका खूप वाढतो. जपानमधलं उदाहरण मोठ्या माणसांचं आहे, पण बोलकं आहे. गव्हाचं प्रथिन घातलेला चेहऱ्याचा एक साबण तिथे लोकप्रिय झाला आणि तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना चक्क गहू खाण्याची अ‍ॅलर्जी झाली. त्यातले बहुतेक जण आयुष्यभर बिनतक्रार गहू खात आले होते.

आता मराठी घरातली बाळाची आंघोळ आठवा. मालिशवाली बाई येते, तेल जिरवते, मग लव जावी म्हणून कणकेचा गोळा अंगावरून फिरवते, डाळीचं पीठ आणि साय चोळते. गहू, हरभरा, दूध ही तिन्ही अ‍ॅलर्जी करू शकणारी अन्नं, आणि ती बाळाच्या पोटात जायच्या कितीतरी महिने आधी त्वचेवर घासली जातात. डाळीच्या पिठाने अ‍ॅलर्जी होते असा प्रयोग कुणी केलेला नाही, आणि साबणातलं गव्हाचं प्रथिन प्रक्रिया केलेलं होतं, हेही खरं. तरी हरभऱ्याच्या अ‍ॅलर्जीची नोंद भारतात आहे, आणि खरवडून लव जात नाही. ती आपोआप झडते. मग पीठ चोळण्यातून मिळतं काय? ज्या बाळाची कातडी कोरडी आहे, गाल लाल आणि खरखरीत आहेत, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खळगीत चट्टे आहेत, त्याच्या बाबतीत तर आजीची समजूत काढूनही हे थांबवावं.

मालिश थांबवायचं कारण नाही. हात हलका असावा आणि तेल साधं असावं. खोबरेल बहुतेक बाळांना चालतं. बदाम तेल, मोहरीचं तेल आणि सध्या कौतुकाचं झालेलं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल फुटलेल्या कातडीवर नको, कारण घाण्याच्या तेलात प्रथिनांचे अंश उरतात. ऑलिव्ह तेलाने त्वचेची भिंत कमजोर होते, असं इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या संशोधकांना दिसलं आहे. बाळाला तेल-मलम लावणाऱ्याने आधी हात धुवावेत. दाण्याची चटणी वाटून तसाच हात बाळाच्या गालावर फिरवणं नेमकं टाळायला हवं.

निरोगी बाळाला रोज मॉइश्चरायझर चोपडून इसब टळतो, ही आशा मात्र फोल ठरली. ब्रिटनमध्ये जवळपास चौदाशे बाळांवर झालेल्या प्रयोगात त्याचा काही उपयोग दिसला नाही. झालेल्या इसबावर वेळीच उपचार करणं ही गोष्ट निराळी. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम ‘स्टिरॉइड’ या नावाला घाबरून कपाटात ठेवलं जातं आणि इसब महिनोन्‌महिने धुमसत राहतो. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांची त्वचा आधी नीट आटोक्यात आणली आणि सहाव्या महिन्यापासून त्यांना शिजवलेल्या अंड्याची अगदी थोडी पूड रोज दिली. वर्षाची झाल्यावर त्यांच्यातल्या 8 टक्के मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी होती, पूड न मिळालेल्यांत 38 टक्क्यांना.

उष्टावणाची आपली वेळ सहाव्या महिन्याच्या आसपासची, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञही वरचं अन्न सहा महिने पुरे झाल्यावर सुरू करायला सांगतात. अडचण उष्टावणानंतर सुरू होते. भाताची पेज, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व यांवर गाडी महिनोन्‌महिने अडते आणि दाणे, अंडं, मासे ‘जड’ म्हणून वर्षाच्या पुढे ढकलले जातात. घरात जे शिजतं आणि मूल पुढे जे खाणार आहे, ते पहिल्या वर्षातच त्याच्या पोटाला माहीत व्हायला हवं.

दाण्यांची सुरुवात मराठी स्वयंपाकघराइतकी सोपी दुसरीकडे कुठे नसेल, कारण कुटाचा डबा तयारच असतो. दाणे चांगले भाजून, सोलून, खवट, काळपट आणि सुरकुतलेले निवडून टाकावेत. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असतं. कूट नेहमीपेक्षा बारीक, पिठासारखं करावं आणि पातळ वरणात, पेजेत किंवा मऊ भातात कालवावं. अख्खा दाणा, अर्धा दाणा, चिक्की किंवा पीनट बटरचा घट्ट गोळा तान्ह्याला कधीही देऊ नये, कारण तो श्वासनलिकेत अडकतो. अख्खे दाणे पाच वर्षांनंतरच. पहिल्यांदा देताना बाळ ठणठणीत असावं, वेळ सकाळची असावी, डॉक्टर गाठता येतील असा दिवस असावा. चमच्याच्या टोकावर मावेल एवढं चाटवून दहा मिनिटं थांबावं. काही झालं नाही तर उरलेलं हळूहळू भरवावं आणि पुढचे दोन तास बाळाकडे लक्ष ठेवावं. एका दिवशी एकच नवा पदार्थ. अंडं असंच, पण पूर्ण उकडून, कुस्करून. मासे खाणाऱ्या घरात काटा काढलेला मऊ मासा. शाकाहारी घराने अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी म्हणून अंडं आणायची गरज नाही.

एकदा दिलं, पचलं, झालं, असं मात्र होत नाही. लंडनच्या प्रयोगात मुलं आठवड्याला 6 ग्रॅम दाण्याचं प्रथिन खात होती, म्हणजे साधारण 25 ग्रॅम दाणे, तीन किंवा जास्त वेळांत विभागून, आणि तेही पाच वर्षं. बाळाने सुरुवातीला इतकं खाल्लंच पाहिजे असं नाही. पण ओळख होऊन मग महिनोन्‌महिने खंड पडू नये. गाईच्या दुधाच्या बाटलीची मात्र जन्मतःच घाई नको. टोकियोतल्या एका प्रयोगात जन्मल्यानंतरचे पहिले तीन दिवस गाईच्या दुधाचं फॉर्म्युला टाळलेल्या बाळांत दुधाबाबतची संवेदनशीलता निम्म्याच्या आसपास दिसली. आईचं दूध उतरेपर्यंत ‘एक बाटली द्या’ असं सूतिकागृहात सहज सांगितलं जातं. त्या बाटलीची खरोखर गरज आहे का, हे तिथल्या तिथे विचारायला हवं. वैद्यकीय कारण असेल तर अर्थातच द्यावी.

मध्येच एक प्रश्न येतो तो बाळगुटीचा. सहाणेवर बदाम, खारीक, वेखंड, हळकुंड उगाळून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून चाटवायची रीत नव्या संशोधनाला धरूनच आहे, असं म्हणायचा मोह होतो. त्या मोहात पडू नये. गुटीने अ‍ॅलर्जी टळते हे कुणी तपासलेलं नाही. सहाण, पाणी आणि बोट यांतून जुलाबाचे जंतू पोटात जातात, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही. बदामाचं कूट उष्टावणानंतर द्यावं.

गरोदर बाईच्या ताटात तर जगभर लोकांनी हात घातला. ब्रिटनमध्ये 1998 पासून घराण्यात अ‍ॅलर्जी असलेल्या गरोदर स्त्रियांना दाणे टाळायचा सल्ला होता. 2009 मध्ये तोही मागे घेतला गेला. दूध, अंडं, दाणे, गहू यांपैकी काहीही आईने सोडल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळत नाही, उलट आईचं पोषण तुटतं. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, त्यातला सुका मेवा, दाण्याची आमटी हे सगळं चालू राहावं. सोडायचं ते फक्त आईला स्वतःला अ‍ॅलर्जी असलेलं अन्न. मूल इसबाने खाजवू लागलं की ‘तू तेव्हा काय खाल्लंस?’ असं सुनेला विचारणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं. त्या प्रश्नाला शास्त्राचा आधार नाही.

आहारात काही वाढवल्याने फायदा होतो का, याची एक चांगली चाचणी डेन्मार्कमध्ये झाली. 736 गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना चोविसाव्या आठवड्यापासून रोज 2.4 ग्रॅम माशाच्या तेलातली ओमेगा-3 मेदाम्लं दिली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या मुलांपैकी 16.9 टक्क्यांना वारंवार घरघर किंवा दमा झाला, दुसऱ्या गटात 23.7 टक्क्यांना. ज्यांच्या रक्तात ही मेदाम्लं मुळात कमी होती त्यांना जास्त फायदा झाला. हा डोस मोठा होता, तेव्हा डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल सुरू करू नयेत. किनारपट्टीवरच्या बाईने बांगडा आणि तारली यांना खुशाल जवळ करावं. जवसातही ओमेगा-3 असतं, पण ते वेगळ्या प्रकारचं. शरीर त्यातून माशासारखी मेदाम्लं थोडीच बनवू शकतं. जवसाची चटणी चांगलीच, फक्त ती माशाची जागा घेत नाही.

ताटाची एवढी चिंता करणाऱ्या घरात बाळंतिणीच्या खोलीतल्या हवेकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, आणि गर्भारपणातला पक्का पुरावा आहे तो धुराविरुद्धचा. गर्भात असताना किंवा नंतर तंबाखूचा धूर सोसलेल्या मुलांत घरघर होण्याचा धोका 30 ते 70 टक्क्यांनी वाढतो, असं 2012 मधल्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. नवरा गॅलरीत जाऊन ओढतो म्हणून सुटका होत नाही. धूर कपड्यांतून, केसांतून आत येतो. आपल्याकडे बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण मशेरी लावतात. मुंबईतल्या 1,217 गरोदर स्त्रियांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. मशेरीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं होतं, आणि कमी वजनाच्या बाळांची छाती पुढेही लवकर घरघरते. मशेरी हा ‘दात घासायचा’ प्रकार वाटतो म्हणून ती डॉक्टरांना कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी आपण होऊन विचारावं.

आणि धुरी. आंघोळ झाली की निखाऱ्यावर ओवा, धूप, वावडिंग टाकायचं आणि बाळाला त्या धुरावर धरायचं. थंडीच्या दिवसांत ऊब मिळत असेल, जुन्या ओलसर घरांत तिचा काही उपयोगही असेल. पण धूर शेवटी धूरच. तो सुगंधी आहे हे फुप्फुसाला कळत नाही. बंद खोलीतली शेगडी कार्बन मोनॉक्साइडही सोडते. जंतू मारायला धुरी लागत नाही. स्वच्छ कपडे, ऊन आणि कोरडी खोली पुरते. डासांच्या कॉइलचंही तसंच. एक कॉइल पूर्ण जळताना निघणारे अतिसूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके भरतात, हे 2003 मध्ये मोजलं गेलं आहे. बाळाच्या पाळण्याला मच्छरदाणी हा त्याहून स्वस्त आणि खात्रीचा इलाज. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर निदान बाळाला कडेवर घेऊन फुंकणी मारू नये.

घर किती स्वच्छ असावं, यावरही बरंच लिहिलं जातं. अमेरिकेतले अमिश आणि हटराइट हे दोन्ही शेतकरी समाज मूळचे मध्य युरोपातले, साधे राहणारे. अमिश घोड्यांसह शेती करतात, गोठा घराशेजारीच असतो आणि पोरं तिथेच खेळतात. हटराइट यंत्रांनी मोठी सामुदायिक शेती करतात, गुरं घरांपासून लांब. अमिश मुलांत दमा 5.2 टक्के, हटराइट मुलांत 21.3 टक्के. अमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात सोडली तर त्यांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं. ही पाहणी 2016 ची. यावरून ‘मुलांना मातीत लोळू द्या’ असा सल्ला फार पटकन दिला जातो. गोठ्यातले जंतू वेगळे आणि उघड्या गटारातले वेगळे. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुणं सोडायचं नाही. सोडायचं ते दर तासाला सॅनिटायझर चोळणं आणि फरशीवर जंतुनाशकाचे थर देणं. गावी आजोळ असेल आणि दारात गाय असेल तर बाळाला तिथे बिनधास्त राहू द्यावं. स्वीडनमध्ये पहिल्या वर्षात घरात कुत्रा असलेल्या मुलांत पुढे दमा 13 टक्के कमी आढळला. तेवढ्यासाठी कुत्रा आणायचा नाही, आणि असलेला बाळ झालं म्हणून हाकलायचाही नाही.

सिझेरियनने जन्मलेल्या आणि तान्हेपणी वारंवार अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांत अ‍ॅलर्जी आणि दमा थोडा जास्त दिसतो. महाराष्ट्रात चारांपैकी एक बाळंतपण सिझेरियनने होतं. गरजेचं सिझेरियन या भीतीने टाळू नये. पण सर्दी-पडशाला उरलेलं अँटिबायोटिक पाजण्याची सवय पालकांच्या हातातली आहे, आणि ती सोडण्याजोगी आहे.

भारतात अन्नाची खरी अ‍ॅलर्जी अजून कमीच आहे. बंगळुरू आणि म्हैसूरच्या शाळकरी मुलांत ती 0.14 टक्के आढळली. मेलबर्नमध्ये वर्षभराच्या पाच हजारांहून अधिक बाळांची त्वचा-चाचणी केली आणि प्रतिक्रिया आलेल्यांना प्रत्यक्ष अन्न चाखवून तपासलं, तर दहांपैकी एकाहून जास्त बाळांना कुठल्या ना कुठल्या अन्नाची अ‍ॅलर्जी निघाली. तिथे जन्मलेल्या आशियाई आई-बापांच्या मुलांत दाण्या-बदामांची अ‍ॅलर्जी विशेष जास्त होती. आशियात जन्मून नंतर तिकडे गेलेल्यांत ती कमी. मेलबर्नमध्ये किंवा न्यू जर्सीत बाळंत होणाऱ्या मराठी मुलींनी म्हणून कुटाचा डबा बाळापासून दूर ठेवू नये.

बाजारात शंभर-दोनशे अन्नांची रक्तचाचणी एका फटक्यात करून देतात. तिचा मोह टाळावा. कर्नाटकात प्रौढांची पाहणी झाली, तेव्हा 26.5 टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या तरी अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, आणि खरोखर त्रास होण्याची शक्यता 1.2 टक्क्यांनाच होती. अहवालातल्या लाल खुणा पाहून घरोघर दूध, गहू, डाळ बंद होते आणि मूल खंगतं. बाळाला तीव्र इसब असेल किंवा एखाद्या अन्नाने आधी त्रास झाला असेल, तर दाणे किंवा अंडं सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. अशा बाळांना डॉक्टर हे पदार्थ चौथ्या ते सहाव्या महिन्यातही द्यायला सांगू शकतात. टोमॅटो किंवा लिंबू लागून तोंडाभोवती आलेली लाली बहुधा नुसती चुणचुण असते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ किंवा पापण्या सुजणं ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. ते अन्न तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. सतत उलट्या, आवाज बसणं, घरघर, बाळ एकदम पांढरं आणि ढिलं पडणं यांपैकी काही दिसलं तर 108 वर फोन करून थेट रुग्णालयात जावं. अशा वेळी खरं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन. खाजेचं सिरप पाजून वाट पाहू नये. इंजेक्शननंतर बाळ हसू-खेळू लागलं तरी काही तास रुग्णालयातच ठेवावं, कारण लक्षणं पुन्हा उसळू शकतात.